दुअंमलातील फाईल : एक संगणक, दोन प्रणाली आणि देवनागरी नावे

वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकास ‘दुअंमल’ हा शब्द अपरिचित नाही. अठराव्या शतकात या प्रांतातील महसुलावर हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोन सत्तांचा हक्क चालत असे. भूमी एक, रयत एक. हिशेब मात्र दोन. १८०३ च्या देवगावच्या तहान्वये भोसल्यांनी, काही किल्ले व त्यांखालील मुलूख वगळता, वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशावरचा हक्क सोडला आणि ही व्यवस्था संपुष्टात आली. नदीच्या पश्चिमेस वसलेले धामणगाव रेल्वे हे याच मुलखातील गाव होय.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली बसविल्या म्हणजे जी स्थिती उत्पन्न होते, तीस दुअंमलाची उपमा बऱ्याच अंशी लागू पडते. भेद इतकाच, की येथे दोन सत्ता एकाच क्षणी राज्य करीत नाहीत. संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करावी लागते. डिस्क मात्र दोघींची एकच असते. समजा, धामणगाव परिसरातील वऱ्हाडी बोलीचे ध्वनिमुद्रण करणारा एखादा संशोधक लेखन विंडोजमध्ये आणि ध्वनींचे विश्लेषण लिनक्समध्ये करतो. त्याची सामग्री दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता आली पाहिजे. ही साधी अपेक्षा पूर्ण होण्यास सुमारे तीन दशके लागली, आणि तिचा एक अंश अद्यापि अपूर्ण आहे.

अडचणीचे मूळ डिस्कवरील नोंदीच्या पद्धतीत आहे. कोणती फाईल कोठे सुरू होते, तिचा पुढचा भाग कोठे आहे, तिचे नाव काय, याची खतावणी प्रत्येक प्रणाली आपापल्या रीतीने ठेवते. डॉसपासून चालत आलेली फॅट ही पद्धत साधी होती आणि ती बहुतेक सर्व प्रणालींना उमगत असे. म्हणून दीर्घकाळ दोन प्रणालींमधील सामाईक ड्राइव्ह फॅटचाच ठेवण्याचा प्रघात होता. तथापि तीत मुळात नावासाठी आठ आणि त्यापुढील जातिदर्शक भागासाठी तीन एवढीच अक्षरे मिळत. विंडोज ९५ ने १९९५ मध्ये लांब नावांची सोय केली. पुढे आलेल्या फॅट३२ मध्येही एका फाईलला चार गिगाबाइटांची मर्यादा राहिली. दीर्घ चित्रमुद्रणांस ती अपुरी पडते.

१९९३ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची एनटीएफएस ही पद्धत विंडोज एनटीबरोबर प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी लिनक्ससाठी एक्स्ट२ ही पद्धत सिद्ध झाली. दुसरीची रचना सर्वांस खुली होती. पहिलीची संपूर्ण रचना जाहीर नव्हती. डिस्कवरील खुणांवरून नियम ताडून पाहण्यावाचून लिनक्सच्या कार्यकर्त्यांना गत्यंतर नव्हते. वाचन त्यामुळे लवकर साधले, निर्धोक लेखन मात्र नाही. कारण खतावणी चुकीची वाचली तर वाचणाऱ्याची फसगत होते, परंतु चुकीची लिहिली तर मूळ दप्तरच बिघडते. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी या मुक्त प्रणालीची स्थिर आवृत्ती निघाली, तेव्हा लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर विश्वासाने लिहिता येऊ लागले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट या पद्धतीचा तपशील प्रसिद्ध केला, आणि २०२१ मध्ये एनटीएफएससाठी लेखनक्षम असा नवा चालक लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

फाईल उघडली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने खरी कसोटी फाईलच्या नावाची आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीस स्थान दिले; त्यातील वर्णक्रमास भारतीय इस्की संकेताच्या १९८८ च्या रूपाचा आधार होता. त्यामुळे प्रत्येक चिन्हाचा क्रमांक ठरला. तो क्रमांक डिस्कवर कसा लिहावा, हे मात्र दोन प्रणालींनी निरनिराळे ठरविले. एनटीएफएस नाव सोळा-बिटी एककांत लिहिते. लिनक्सच्या दृष्टीने नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ; आज ती बहुधा यूटीएफ-८ संकेतात असते. जुन्या लिनक्समध्ये सामाईक ड्राइव्ह जोडताना हा संकेत सांगावयाचा राहिला, तर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे, आणि त्या नावाने फाईल उघडणेही शक्य होत नसे.

या भेदाचे परिणाम आजही जाणवतात. ‘धामणगाव रेल्वे’ हे नाव घेतले, तर काना, मात्रा, हलन्तचिन्ह आणि मधली मोकळी जागा धरून त्यात १४ चिन्हे भरतात. एनटीएफएसमध्ये ती १४ एकके होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने त्याच नावाचे ४० बाइट होतात. दोन्ही पद्धतींची मर्यादा २५५ हीच आहे. परंतु एनटीएफएसमध्ये ती एककांची, तर लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये बाइटांची. म्हणून लिनक्समध्ये निव्वळ देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. प्रबंधाचे लांबलचक शीर्षकच फाईलला दिले, तर विंडोजमध्ये नांदणारी ती फाईल लिनक्सच्या ड्राइव्हवर उतरण्यास नकार देते.

दुसरी अडचण लेखनसवयीची. ‘अंतःकरण’ या शब्दातील विसर्गाऐवजी अनेक जण अपूर्णविराम टंकतात. डोळ्यांस भेद जाणवत नाही. पण विंडोजला फाईलच्या नावात अपूर्णविराम वर्ज्य आहे, लिनक्सला तो चालतो. तिसरी अडचण खास मराठीची. ‘शेतकऱ्यांची बोली’ या नावातील ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. युनिकोडच्या मते ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत. परंतु एनटीएफएस किंवा सामान्यतः एक्स्ट४ ही समतुल्यता पाहत नाही. परिणामी दिसावयास एकच असलेल्या नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी राहू शकतात, आणि शोध घेता त्यांतील एकच हाती लागते. बोलीच्या संग्रहात नाव हेच पुष्कळदा गाव, निवेदक आणि दिनांक यांचा एकमेव पुरावा असते; ते हरपले, तर उरलेला आवाज कोणाचा, हे सांगता येत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेल्या त्वरित-आरंभाच्या सोयीने आणखी एक पेच निर्माण केला. तीत विंडोज बंद झाल्यासारखे दिसते, पण आपली खतावणी ते पूर्णपणे मिटत नाही. अशा वेळी लिनक्सने त्या ड्राइव्हवर लिहिल्यास नोंदी परस्परविरोधी होण्याचा धोका असतो. म्हणून एनटीएफएस-३जी अशा ड्राइव्हवर लिहिण्याचे नाकारून तो केवळ वाचनापुरता जोडते. ज्यास दोन्ही प्रणाली वापरावयाच्या आहेत, त्याने ही सोय बंद ठेवणे श्रेयस्कर.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन प्रणालींमधील भिंत यंत्राने उभारली नव्हती. नियमांच्या अप्रकटतेने उभारली होती, आणि नियम प्रकट होत गेले तशी ती खचली. नावांच्या बाबतीत नियम प्रकट आहेत, परंतु ते एक नाहीत; तेथे शिस्त अभ्यासकानेच पाळावयाची आहे. नाव आटोपशीर ठेवावे, विसर्गाच्या जागी विसर्गच लिहावा, ‘ऱ’ साठी संपूर्ण संग्रहात एकच रूप वापरावे आणि नावातील माहिती फाईलच्या आतही नोंदवावी. दुअंमल टाळता आला नाही, तरी दोन्ही दप्तरांत गावाचे नाव एकच राहील, एवढे पाहणे अभ्यासकाच्या हाती आहे.