पारखी आणि व्यापारी : अमेरिकेतील नाणे-प्रतवारीचा इतिहास

जुन्या नाण्याचे मोल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : ते किती दुर्मिळ आहे, त्याला मागणी किती आहे आणि ते कोणत्या अवस्थेत शिल्लक राहिले आहे. पहिल्या दोन गोष्टींचा अंदाज टांकसाळीच्या नोंदींवरून आणि लिलावातील भावांवरून बांधता येतो. तिसरी मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, आणि विसाव्या शतकाचा मोठा काळ अमेरिकेच्या नाणेबाजारात ही नजर बहुतांशी विक्रेत्याचीच होती. विकणाऱ्यानेच मालाची प्रत ठरवायची, या प्रथेतला दोष उघड होता, आणि तो दूर करण्यासाठी १९७२ नंतर एकामागून एक व्यवस्था उभ्या राहिल्या. या व्यवस्थांचा इतिहास तपासला तर असे दिसते की हितसंबंधांचा संघर्ष त्यांपैकी कोणीही मुळापासून उपटला नाही. प्रत्येकीने तो एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवला.

हा प्रश्न हिंदुस्थानालाही अपरिचित नव्हता. पेशवाईत वसुलीचा पैसा निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांत येत असे, आणि कोणत्या रुपयावर किती बट्टा, म्हणजे कस व झीज यांपोटी किती कपात, लावायचा हे सराफ किंवा पोतदार सांगत असे. नाणे पारखणारा आणि नाण्यांच्या अदलाबदलीवर कमाई करणारा हे अनेकदा एकाच वर्गातले असत. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया चालू केल्यावर बट्ट्याचे महत्त्व क्रमाने घटत गेले. तथापि सराफाचा निर्णय धातूविषयी होता; त्याबद्दल वाद झाला तर कसोटीचा दगड, तराजू आणि अखेरीस मूस हे उपाय हाताशी होते. संग्राहकाच्या नाण्याची प्रत अशा कोणत्याही मुशीत घालून पडताळता येत नाही, आणि पुढच्या साऱ्या गुंतागुंतीचे मूळ येथेच आहे.

ही प्रत म्हणजे नेमके काय, हे मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्यावरून समजते. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले हे नाणे टांकसाळीतून हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून बाहेर पडत असे, आणि थैली हलवताना एका नाण्याची दातेरी कड दुसऱ्याच्या पृष्ठभागावर आदळत असे. त्यामुळे एकाही गिऱ्हाइकाच्या हाती न पडलेल्या नाण्यावरही, विशेषतः दर्शनी बाजूवरील स्वातंत्र्यदेवतेच्या रुंद, गुळगुळीत गालावर, बारीक घाव दिसतात. कानावरच्या केसांच्या बटा सपाट दिसत असतील तर ती वापरातली झीज आहे की साच्याचा ठसाच कमी दाबाने उमटला होता, गालावरचे घाव किती खोल आहेत, मूळ झळाळी शाबूत आहे की कोणी नाणे धुऊन ती घालवली आहे, या सर्वांचा एकत्रित विचार करून पारखी एक आकडा उच्चारतो. दोन कसलेल्या पारख्यांचे आकडे एकाने वेगळे पडणे यात नवल नाही. मात्र त्या एका अंकाने किंमत कित्येक पट बदलू शकते.

हा आकडा विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या ग्रंथातून रूढ केला. अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी त्याने १ ते ७० अशी श्रेणी मांडली. जेमतेम ओळखू येणारे नाणे १ वर आणि निर्दोष नाणे ७० वर. ही श्रेणी प्रत्यक्षात भावाचे सूत्र होती : एखाद्या प्रकारच्या सर्वांत झिजलेल्या नाण्याची किंमत १ डॉलर असेल तर ७० प्रतीच्या नाण्याची ७० डॉलर, असा तिचा हिशेब होता. बाजार बदलल्यावर हा गुणाकार लवकरच निरर्थक ठरला, पण आकडे टिकले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट नाणी शेल्डनने गुपचूप उचलून त्यांच्या जागी हलक्या प्रतीची नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर, १९९० च्या दशकातील न्यायालयीन लढ्यात पुढे आले. प्रतीतील सूक्ष्म फरक ज्याला सर्वांत चांगला कळत होता, त्यानेच त्या फरकाचा असा लाभ उठवला होता.

नाणेसंग्राहकांची राष्ट्रीय संघटना, अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन, हिने १९७२ मध्ये अ‍ॅनॅक्स ही सेवा सुरू केली ती बनावट नाणी ओळखण्यासाठी. १९७७ मध्ये संघटनेने शेल्डनच्या आकड्यांवर आधारलेले अधिकृत प्रतवारी-निकष प्रसिद्ध केले आणि १९७९ पासून अ‍ॅनॅक्स प्रत सांगणारी छायाचित्रयुक्त प्रमाणपत्रेही देऊ लागली. नफ्यासाठी न चालणाऱ्या संघटनेने खरेदी-विक्रीच्या बाहेर राहून निर्णय द्यावा, ही कल्पना रास्त होती. पण संघटनेच्या सभासदांत व्यापारीही होते आणि प्रमाणपत्र नाण्यापासून सुटे असल्याने एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्या नाण्याबरोबर खपवणे अशक्य नव्हते.

याच सुमारास नाणी हा छंद न राहता गुंतवणूक झाली. सॉलोमन ब्रदर्स ही वॉल स्ट्रीटवरील पेढी सत्तरीच्या अखेरीपासून निरनिराळ्या मालमत्तांच्या परताव्याची वार्षिक तुलना प्रसिद्ध करी, आणि तीत दुर्मिळ नाणी वरच्या क्रमांकांवर झळकत. नाण्यांचे भाव तिला एक नामांकित व्यापारी पेढीच पुरवत होती, आणि तीच तुलना व्यापारी आपल्या जाहिरातींत छापत होते. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचली आणि त्यानंतर कोसळली. तिच्याबरोबर नाणेबाजारही खाली आला. पडत्या बाजारात व्यापाऱ्यांची नजर कडक झाली, तेजीत ६५ म्हणून विकलेले नाणे परत घेताना ६३ ठरू लागले, आणि अ‍ॅनॅक्सनेही निकष आवळल्यामुळे जुनी प्रमाणपत्रे कमी भरवशाची झाली. नाणे तेच होते. त्याची प्रत मात्र बाजाराच्या चढउतारानुसार बदलली होती.

या अविश्वासातून १९८५ मध्ये डेव्हिड हॉल आणि त्यांच्या सहकारी व्यापाऱ्यांनी कॅलिफोर्नियात प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस, म्हणजे पीसीजीएस, स्थापन केली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये तिचे काम सुरू झाले. तिने तीन गोष्टी एकत्र आणल्या : एकाहून अधिक पारख्यांचे स्वतंत्र मत, नाणे आणि त्याची प्रत एकाच सीलबंद प्लास्टिक-कवचात, ज्याला व्यवहारात ‘स्लॅब’ म्हणतात, बंद करणे, आणि चुकीची प्रत दिली गेल्यास भरपाईची हमी. तिच्याशी जोडलेल्या व्यापाऱ्यांनी स्लॅबमधील नाणी न पाहताही जाहीर भावाने घेण्याची तयारी दाखवली, त्यामुळे नाणे रोख्याप्रमाणे हातोहात फिरू लागले. मात्र ही व्यवस्था व्यापाऱ्यांनीच उभी केली होती, नाणी सुरुवातीला अधिकृत व्यापाऱ्यांमार्फतच स्वीकारली जात, आणि जे तिचे संस्थापक तेच बाजारातले मोठे खरेदीदार-विक्रेते होते.

जॉन अल्बानीज यांनी १९८७ मध्ये न्यू जर्सीत न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन, म्हणजे एनजीसी, काढली ती नेमक्या याच जागी बोट ठेवून : आपल्या पारख्यांनी नाण्यांचा व्यापार करायचा नाही, असा नियम तिने घातला. पीसीजीएसनेही नाणे कोणाचे आहे हे पारख्याला कळू नये अशी रचना ठेवली. त्याच्या टेबलावर मालकाचे नाव न येता फक्त अनुक्रमांक येतो. व्यक्तीच्या पातळीवरचा स्वार्थ अशा रीतीने बराच रोखला गेला.

संस्थेच्या पातळीवरचा स्वार्थ मात्र शिल्लक राहिला, कारण शुल्क देणारा नाण्याचा मालक असतो आणि निकालावर विसंबणारा असतो पुढचा खरेदीदार. सर्वाधिक नाणी पाठवणारे ग्राहक म्हणजे घाऊक व्यापारी, आणि एक सेवा फार कडक वाटली तर ते दुसरीकडे जाऊ शकतात. यातूनच स्लॅब फोडण्याचा धंदा फोफावला : ६४ आणि ६५ यांच्या सीमेवरचे नाणे कवचातून काढून पुन्हापुन्हा पाठवायचे, एखाद्या खेपेस वरचा आकडा मिळाला की थांबायचे. प्रत्येक खेपेस सेवेला शुल्क मिळते; स्लॅबसह फेरतपासणीला आलेल्या नाण्याला वरची प्रत दिली तर पीसीजीएस वाढीव जबाबदारीपोटी नाण्याच्या मूल्याच्या १ टक्का आणखी आकारते. एकच नाणे अनेकदा मोजले गेल्याने, कोणत्या प्रतीची किती नाणी ज्ञात आहेत हे सांगणारे सेवांचे गणना-अहवालही फुगतात. पीसीजीएसने पुढे संग्राहकांच्या संचांना क्रमांक देणारी नोंदवही सुरू केली, तीत तिच्याच स्लॅबमधील नाणी धरली जातात. म्हणजे आकड्यांची चढाओढ लावणारा आणि आकडा देणारा एकच झाला.

१९९० मध्ये ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला. प्रतवारी वस्तुनिष्ठ व सदैव सारखी असल्याचे दावे अतिशयोक्त आहेत, असे आयोगाचे म्हणणे होते. प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच वर्षी पीसीजीएसने संगणकाकडून प्रतवारी करवून घेण्याचा प्रयोग पुढे आणला, पण तो मूळ धरू शकला नाही, आणि १९८९ मध्ये शिखरावर गेलेला बाजार पुन्हा घसरला. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९९० मध्येच अ‍ॅनॅक्सची प्रतवारी सेवा ‘कॉइन वर्ल्ड’ साप्ताहिकाच्या प्रकाशकांना विकली. ज्या पत्राची पाने व्यापाऱ्यांच्या जाहिरातींनी भरत, त्याच्याच मालकाकडे व्यापाऱ्यांच्या मालाची पारख गेली.

पुढच्या टप्प्यात प्रश्न मालकीचा झाला. पीसीजीएसची पालक कंपनी कलेक्टर्स युनिव्हर्स १९९९ मध्ये शेअरबाजारात आली आणि २००० मध्ये तिने बॉवर्स अँड मेरेना ही प्रख्यात नाणे-लिलाव पेढी विकत घेतली; प्रत देणारा आणि त्या प्रतीवर विक्री करून दलाली घेणारा एका छत्राखाली आले. काही वर्षांतच कंपनीने लिलावाचे व्यवसाय विकून टाकले. पण २०२१ मध्ये गुंतवणूकदारांच्या एका गटाने ती खाजगी मालकीत नेल्यावर त्याच वर्षी तिने गोल्डिन ही क्रीडापत्त्यांच्या लिलावांसाठी प्रसिद्ध पेढी घेतली, आणि २०२४ मध्ये ती पेढी ईबेला विकली. एनजीसीच्या पालक कंपनीत २०२१ मध्येच ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक संस्थेने बहुसंख्य हिस्सा घेतला. दरम्यान २००७ मध्ये अल्बानीज यांनीच सीएसी ही संस्था काढली, जी इतरांच्या स्लॅबमधील नाणे दिलेल्या प्रतीला खरोखर पात्र आहे की नाही हे तपासून त्यावर हिरवा शिक्का चिकटवते. पारख्यांची पारख करणारी ही संस्था शिक्का मारलेली नाणी स्वतः जाहीर भावाने विकतही घेते, आणि २०२३ पासून तिच्याच नावाची प्रतवारी सेवाही चालू आहे. जो व्यापार १९८७ मध्ये पारख्याला निषिद्ध ठरवला गेला होता, तोच येथे मताच्या खरेपणाचा पुरावा म्हणून परत आला : आपल्या निर्णयावर जो स्वतःचे पैसे लावतो, त्याच्या शब्दाला वजन येते.

मुंबईतील लिलावांतही आता पीसीजीएस आणि एनजीसीच्या स्लॅबमधील ब्रिटिशकालीन रुपये दिसतात. मात्र १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते, आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था वगळता कोणालाही ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे येथील संग्राहकाला आपल्याजवळचा जुना रुपया परदेशी सेवेकडे धाडून दुसरे मत घेण्याचा मार्ग मोकळा नाही, आणि त्याची भिस्त पुन्हा व्यापाऱ्यावर किंवा स्वतःच्या डोळ्यावर राहते.

या अर्धशतकाच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण स्पष्ट आहे. ज्याला बाजारात काहीच मिळवायचे नाही असा पारखी सापडत नाही, कारण नजर तयार होते ती बाजारात हजारो नाणी हाताळूनच. प्रतवारी सेवांनी बनावट नाण्यांना बऱ्याच अंशी आळा घातला आणि दूरवरच्या खरेदीदाराला किमान संरक्षण दिले, ते त्या निःस्वार्थ होत्या म्हणून नव्हे, तर चुकांची किंमत त्यांना हमीच्या रूपाने स्वतः मोजावी लागत होती म्हणून. म्हणून एखाद्या सेवेच्या निःपक्षपातीपणाच्या ग्वाहीपेक्षा तिला शुल्क कोण देतो, चूक झाल्यास नुकसान कोणाचे होते आणि तिचा मालक आणखी कोणता धंदा करतो, या तीन प्रश्नांची उत्तरे खरेदीदाराला अधिक उपयोगी पडतात.