सावेदादा : छायाचित्राकडून वार्तापटाकडे

भारतीय चित्रपटाचा इतिहास सामान्यतः दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील 'राजा हरिश्चंद्र'पासून सांगितला जातो. कथापटापुरते पाहता ते रास्तच आहे. परंतु आपल्याकडे कथेआधी वास्तव पडद्यावर आले, आणि त्या आरंभाशी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१८६८-१९५८) यांचे नाव निगडित आहे.

सावेदादा हे मुंबईतील व्यावसायिक छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे खेळ सुरू झाले. ते पाहून प्रभावित झालेल्या सावेदादांनी लंडनच्या रायली यांच्याकडून २१ गिनींचा कॅमेरा मागविला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती योजून चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागे, असा तो काळ. कुस्तीची निवड मार्मिक होती. कॅमेरा एका जागी स्थिर आणि फीत जेमतेम मिनिटभराची. अशा स्थितीत भरपूर उजेड आणि चौकटीत मावणारी हालचाल हवी. या दृष्टीत छायाचित्रकाराचा सराव दिसतो. त्यानंतरचा विषयही माकडांना शिकविणाऱ्या माणसाचा, म्हणजे खेळाचाच होता.

डिसेंबर १९०१ मध्ये मात्र निराळे पाऊल पडले. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे स्वदेशी परतले. त्यांच्या मुंबईतील स्वागताचे सावेदादांनी चित्रण केले. हा भारतातील आद्य वार्तापट मानला जातो. कुस्ती कॅमेऱ्यासाठी योजता येते. स्वागताची गर्दी कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. छायाचित्रकाराचा वृत्तचित्रकार होतो तो याच ठिकाणी.

जानेवारी १९०३ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झनने दिल्लीस दरबार भरविला. सावेदादांनी त्याचेही चित्रण केले. एका चित्रणात जित समाजाच्या बुद्धिमत्तेचा गौरव, तर दुसऱ्यात जेत्यांच्या वैभवाचे प्रदर्शन. एकाच कॅमेऱ्याने टिपलेल्या या दोन प्रसंगांत त्या काळातील सुशिक्षित भारतीयाची द्विधा स्थिती प्रतिबिंबित झालेली आहे. पुढे शासकीय वार्तापटांचे युग आले आणि १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. राष्ट्राचा गौरव आणि सत्तेचा सोहळा यांतील सीमारेषेचा प्रश्न त्या पटांनाही चुकला नाही. त्याचे बीज येथे आढळते.

पुढे सावेदादांनी चित्रणाचा व्यवसाय सोडला आणि मुंबईच्या गेइटी नाट्यगृहाचे व्यवस्थापन सांभाळले. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी. त्यांच्या फिती तोवर टिकल्या नाहीत. कथापटाची गोष्ट निदान पुन्हा सांगता तरी येते. वार्तापट नष्ट झाला की त्यातील गर्दीचे चेहरे कायमचे लोपतात. परांजपे यांचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे. त्यांना पाहावयास आलेली मुंबई मात्र आपण गमावली आहे. सावेदादांचे स्थान ठरविताना या हानीचाही हिशेब मांडावा लागेल.