पाणपक्ष्यांची निवड आणि जलाशयांचा इतिहास

हिवाळ्यात उत्तरेकडून भारतात उतरणारे पाणपक्षी सर्वच जलाशयांना सारखा मान देत नाहीत. एक तलाव बदकांनी गजबजून जातो, तर दुसरा विस्ताराने मोठा असूनही बव्हंशी रिता राहतो. या निवडीचे कारण सामान्यतः पक्ष्यांच्या स्वभावात शोधले जाते. ते तेथे आहेच. परंतु जलाशयाचा इतिहास पाहिल्यावाचून ते पूर्णत्वाने उलगडत नाही.

थापट्या, तलवार बदक इत्यादी जाती पाण्यात सूर मारून चरत नाहीत. पृष्ठभाग चाळून किंवा केवळ डोके व मान बुडवून त्या अन्न मिळवितात. सुमारे हातभर खोलीपलीकडे त्यांची चोच पोहोचत नाही. शिवाय पाणवनस्पती व कीटक यांची समृद्धी उथळ, प्रकाशित पाण्यातच आढळते. अर्थात पक्ष्यांच्या लेखी जलाशयाची थोरवी विस्तारावर नव्हे, तर उथळपणावर ठरते.

हा उथळपणा पुष्कळदा मनुष्यनिर्मित असतो. नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमानजीक १९०७ ते १९१३ या काळात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. नदीचे पाणी कालव्यांत वळवून शेतीस पुरविणे हा त्याचा हेतू. पक्ष्यांचा विचार त्यामागे नव्हता. पुढे बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि बेटे, दलदल व पाणगवत निर्माण झाले. साठवणीच्या हिशेबात जी तूट, तीच पक्ष्यांची जमेची बाजू ठरली. १९८६ साली हे क्षेत्र अभयारण्य झाले आणि २०१९ मध्ये रामसर यादीत समाविष्ट होणारे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ ठरले.

या स्थळास 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात. ही उपमा वाटते त्याहून अर्थपूर्ण आहे. भरतपूरचे केवलादेव हेही बांध व पाटांनी घडविलेले पाणथळ असून संस्थानी काळात ते शिकारीसाठी राखलेले होते. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून तेथे गुरचराई बंद करण्यात आली. त्यावरून संघर्ष उद्भवला आणि गोळीबारात काही ग्रामस्थ प्राणांस मुकले. परंतु मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून भलतेच निष्पन्न झाले: म्हशी चरेनाशा झाल्यावर पॅस्पॅलम गवत अनिर्बंध माजले, मोकळे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांना ते स्थान पूर्वीसारखे अनुकूल राहिले नाही. ज्या चराईस उपद्रव मानले गेले, ती त्या तलावाच्या घडणीचाच एक भाग होती.

तात्पर्य, पक्षी ज्या तलावाची निवड करतात तो बहुधा निसर्ग व मनुष्यव्यवहार यांच्या दीर्घ सहवासातून सिद्ध झालेला असतो. नांदूर मध्यमेश्वर येथे आज जलपर्णी पसरते आहे. गाळ सरसकट उपसला तर उथळपणा जाईल. तो तसाच वाढू दिला तर पाणीच उरणार नाही. अशा जागी कोणताही निर्णय घेण्यापूर्वी त्या तलावाचा पूर्वेतिहास वाचणे अगत्याचे आहे. भरतपूर येथे तो वाचण्यापूर्वीच निर्णय झाला, आणि त्याचे मोल माणसांनी व पक्ष्यांनी सारखेच दिले.