कॅड प्रणालीची निवड, मॉडेल-आधारित उत्पादनासाठी (नाशिक)

वस्तूचे त्रिमितीय मॉडेल हाच उत्पादनाचा अधिकृत दस्तऐवज मानून काम करायचे असेल, तर त्याला साजेसे आरेखन (कॅड) सॉफ्टवेअर ठरविण्याची प्रक्रिया. या पद्धतीत मापे, टॉलरन्स (मापातील मुभा), डेटम (मापनाचे संदर्भ), पृष्ठभागाचा दर्जा ही माहिती वेगळ्या ड्रॉइंगवर न देता मॉडेललाच जोडतात. तिचे नियम एएसएमई वाय १४.४१ (पहिली आवृत्ती २००३) आणि आयएसओ १६७९२ (पहिली आवृत्ती २००६) या मानकांत आहेत.

नाशिकमधील संदर्भ : ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना, तसेच बॉश आणि महिंद्रा यांचे कारखाने यांमुळे सातपूर-अंबड वसाहतींत सुटे भाग, डाय आणि फिक्स्चर बनविणारे अनेक लघुउद्योग वाढले. जॉबवर्क करणाऱ्याने आधी पाहायची ती ग्राहकाची प्रणाली. उदाहरणार्थ, तेजस विमानाची रचना कॅटिया या प्रणालीत झाली असून त्याची एक जुळणी-मार्गिका ओझरला आहे. वाहन उद्योगात कॅटिया, एनएक्स आणि क्रिओ रुळलेले आहेत. लहान कारखान्यांना सॉलिडवर्क्स, सॉलिड एज किंवा इन्व्हेंटर परवडते. एनएक्स, सॉलिडवर्क्स आणि सॉलिड एज यांचा भूमितीय गाभा (आकारांची गणिते करणारा मूळ घटक) पॅरासॉलिड हाच असल्याने त्यांच्यात आकारांची देवाणघेवाण सुलभ होते.

कसोटी : निवडीचा खरा निकष माहितीचा प्रवास हा आहे. २५ मिमी व्यासाच्या, एच७ टॉलरन्स वर्गाच्या छिद्राला ० ते +०.०२१ मिमी इतकीच मुभा असते. ही मुभा छिद्राच्या पृष्ठभागाशी जोडलेली असेल, तर ती वाचू शकणारे सीएमएमचे (निर्देशांक मापन यंत्राचे) सॉफ्टवेअर त्यावरून तपासणी आखू शकते. ती नुसती पडद्यावरची अक्षरे असेल, तर ऑपरेटरला पुन्हा टाइप करावी लागते आणि चुकीला वाव राहतो. म्हणून खरेदीपूर्वी आपलाच एक जॉब स्टेप एपी २४२ या देवाणघेवाणीच्या प्रमाणित स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत उघडावा. टॉलरन्स आणि डेटम योग्य पृष्ठभागांना जोडलेले राहिले का, ते तपासावे. स्टेपमधून मॉडेलचा फीचर-क्रम (ते घडविण्याच्या पायऱ्या) सहसा येत नाही. पुढे बदल करायचे असतील, तर मूळ फाइलही मागून घ्यावी.

खर्च मोजताना वार्षिक वर्गणी, टॉलरन्स आणि कॅमची (संगणक-साहाय्यित उत्पादनाची) स्वतंत्र मॉड्यूल्स, प्रशिक्षण हे सर्व धरावे. विमाने अनेक दशके सेवेत राहतात, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या मात्र भराभर बदलतात. त्यामुळे हवाई क्षेत्राच्या पुरवठादाराने मूळ फाइलसोबत स्टेप प्रतही जपावी. अशा दीर्घकालीन जतनासाठी ईएन ९३०० ही मानकमालिका आहे.