विठाबाईची रजा

वडशाकडे शंकरपटाच्या रात्री नाटक पाहाले गेलो की मला विठाबाई नारायणगावकर आठवते. मांगाच्या घरातली, १९३५ चा जन्म, उभी हयात तमाशात. ऐन खेळात ती आत जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आली, असं सांगतात. ऐकणारे टाळ्या पिटतात. मी गिरणीकामगार. मी विचारतो, तिची रजा कुठं होती?

बाबासाहेब १९२८ ला मुंबई कौन्सिलात मजूरबाईच्या बाळंतपणातल्या पगारी विश्रांतीसाठी बोलले. १९२९ ला कायदा झाला, पण कारखान्यापुरता. तमाशाच्या कनातीत तो शिरलाच नाही. १९५७ आणि १९९० ला राष्ट्रपतींनी विठाबाईला गौरवलं. २००२ ला ती हलाखीत गेली.

आता झाडीपट्टीत नाटक पाहाल तेव्हा पडद्यामागं जा. नटीला विचारा, बाई, बाळंतपणात तुमची चूल कोण पेटवतं?