गळ्यातली पुतळी आणि मुंबईची गिनी

आपल्या घरी आजीची पुतळ्यांची माळ असेल, तर तिच्यातली एखादी जुनी पुतळी उजेडात धरून पाहा. एक आकृती उभी दिसेल, दुसरी गुडघे टेकलेली. कुणी या जोडीला राम-सीता म्हणतं. पण या नक्षीचं मूळ आहे पार इटलीत, व्हेनिस शहरात. तिथल्या टाकसाळीने १२८४ साली डुकॅट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली. एका बाजूला तिथला राज्यप्रमुख, म्हणजे डोज, संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज घेतो आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या महिरपीत येशू ख्रिस्त. १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवलं. तोवर, पाचशे वर्षं, नाण्याचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास राहिलं आणि सोनं जवळजवळ निखळ. मिरी-मसाल्यांच्या व्यापारातून ते आपल्या किनाऱ्याला उतरलं. इथल्या सराफाला लॅटिन अक्षरं वाचता येत नव्हती. कस मात्र कळत होता, आणि तेवढं त्याला पुरे होतं. पुढे आपल्या सोनारांनी त्याच्या नकला घडवल्या, माळा ओवल्या. मंगळागौर पूजताना कितीतरी सुवासिनींच्या गळ्यात हे संत मार्क असतील!

पुतळीनंतर मान मिळाला तो गिनीला. वास्तविक आपण जिला गिनी म्हणतो ते इंग्लंडचं सॉव्हरिन. खरी गिनी १८१७ मध्ये सॉव्हरिन आलं तेव्हाच मागे पडली. बाजाराने नाव तेवढं ठेवून घेतलं. वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरट, म्हणजे आत निखळ सोनं ७.३२ ग्रॅम.

हे सॉव्हरिन एकदा मुंबईतही पाडलं गेलं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पहिल्या महायुद्धात रुपयांसाठी चांदी अपुरी पडू लागली आणि समुद्रमार्गे नाणी आणणं धोक्याचं झालं. तेव्हा १९१८ साली फोर्टातल्या टाकसाळीत लंडनच्या राजटाकसाळीची शाखा उघडली. लंडनचे ठसे येईपर्यंत तिथे १५ रुपयांची सोन्याची मोहर पाडली, सुमारे २१ लाख. वजन आणि कस अगदी सॉव्हरिनचाच. मग पाडली १२ लाख ९५ हजार ३७२ सॉव्हरिनं. शाखा लगेचच, १९१९ मध्ये, बंद झाली. या नाण्यावर घोड्याखालच्या जमिनीवर, १९१८ या सालाच्या वर, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असतं. इंडियाचा आय. भिंगाशिवाय सहसा दिसत नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती थोडी कडू आहे. १९२७ च्या कायद्याने सॉव्हरिनचा भाव १३ रुपये ५ आणे ४ पै, आणि निखळ सोन्याचा तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा बांधला होता. पुढे जागतिक मंदी आली, धान्याचे भाव कोसळले. सारा आणि सावकाराचं व्याज मात्र होतं तेवढंच राहिलं. २१ सप्टेंबर १९३१ ला इंग्लंडने सुवर्णचलन सोडलं. रुपया पौंडाला जखडलेला, म्हणून इथे सोन्याचा भाव चढला. आणि खेड्यापाड्यांतून सोनं बाहेर पडू लागलं! पुतळ्या, मोहरा, गिन्या मुशीत गेल्या आणि मुंबईच्या बंदरातून लगडी होऊन लंडनला रवाना झाल्या. सरकार म्हणे, लोक नफा कमावताहेत. काहींनी कमावलाही असेल. पण ज्या शेतकऱ्याने सारा भरायला बायकोच्या गळ्यातली माळ उतरवली, त्याला कसला नफा? निर्यातबंदीची मागणी झाली, ती मानली गेली नाही.

त्यातून जे वाचलं, ते आज आपल्या डब्यात आहे. तेव्हा मोडण्याआधी जरा थांबा. नुसती गुंतवणूक हवी असेल तर २०१५ साली निघालेलं अशोकचक्राचं २४ कॅरटचं नाणंही चालेल. तिथे वजन आणि भाव यांपलीकडे पाहायचं काही नाही. संग्राहकाचं गणित निराळं. माळेसाठी नाकं डाखलेल्या किंवा भोक पाडलेल्या गिनीचे बहुधा वजनाचेच पैसे मिळतात. उजळवून घेण्याचा मोह टाळा, त्याने बारीक नक्षी झिजते. शिवराज्याभिषेकाच्या काळातला होन कुणी विकायला आणला, तर तो जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका. खरा होन अतिशय दुर्मीळ आणि बनावट मात्र उदंड. आणि १९१८ ची गिनी हाती आली, तर आधी भिंग घेऊन घोड्याच्या पायांखाली पाहा.