'चोरखमारा' या नावाची अक्षरे : आज्ञावल्यांच्या स्वयंचलित चाचणीतील एक प्रश्न

लेखी आज्ञा देऊन, म्हणजेच कमांड-लाइनवरून, चालविल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांची चाचणी घेण्याची रीत दिसावयास साधी आहे. ठराविक मजकूर आज्ञावलीस द्यावयाचा, अपेक्षित उत्तर अगोदर लिहून ठेवावयाचे, आणि आलेले उत्तर त्याच्याशी जुळते किंवा नाही हे यंत्राकडूनच पडताळून घ्यावयाचे. आज्ञावलीत फेरफार झाला की हीच पडताळणी पुन्हा होते.

या रीतीस पोषक अशी साधने बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीत निर्माण झाली. १९७३ मध्ये एका आज्ञावलीचे उत्तर थेट दुसरीस पुरविण्याची सोय झाली. १९७४ मध्ये दोन मजकुरांतील भेद दाखविणारी 'डिफ' आली. पुढे १९८७ मध्ये, भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या लॅरी वॉल यांनी पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली, ती चाचण्यांच्या संचासह. चाचणी यशस्वी झाली की 'ओके' आणि तिचा क्रमांक छापला जाई.

परंतु अपेक्षित उत्तर ठरवावयाचे कोणी? नागझिरा अभयारण्यालगतच्या चोरखमारा या गावाचे नाव पाहावे. वाचक त्यात चो, र, ख, मा, रा अशी पाच अक्षरे मोजतो. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात व्यंजन आणि स्वरचिन्ह यांना स्वतंत्र संकेत असल्यामुळे तेथे आठ संकेत व आठच बाइट होतात. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. म्हणून संकेत आठच राहिले. मात्र १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत यांतील प्रत्येक संकेतास तीन बाइट लागतात व बेरीज चोवीस होते.

जीएनयू संचातील 'डब्ल्यूसी' ही मोजणीची आज्ञावली, ओळीच्या शेवटाचे चिन्ह न धरता, बाइट चोवीस दाखविते. 'कॅरेक्टर' मोजावयास सांगितल्यास यूटीएफ-८ च्या व्यवस्थेत ती आठ, आणि 'सी' नामक मूळ व्यवस्थेत पुन्हा चोवीस असे उत्तर देते. अक्षर मोजण्याचा पर्याय तीत नाही.

तिन्ही संख्या आपापल्या जागी बरोबर आहेत. तथापि चाचणी लिहिणाऱ्याने आठ या संख्येस 'अक्षरे' असे नाव दिले, तर यंत्र ती चूक पकडणार नाही. उलट प्रत्येक फेरफारानंतर तिचे इमानाने रक्षण करील. 'ओके' याचा अर्थ इतकाच की, उत्तर लिहून ठेवलेल्या अपेक्षेशी जुळले. ती अपेक्षा मराठीच्या लेखनव्यवस्थेस धरून आहे किंवा नाही, हा निर्णय भाषेच्या अभ्यासकानेच, चाचणी लिहिली जाण्यापूर्वी, द्यावयास हवा.